दगडावरचा हात

विहिरीत माणूस सोडायचा तर आधी कंदील सोडायचा, हा त्याचा नियम होता. पेटलेला कंदील दोराला बांधायचा, तळापर्यंत सोडायचा आणि शंभरपर्यंत आकडे मोजायचे. ज्योत शाबूत राहिली तर खाली हवा आहे, उतरायला हरकत नाही. विझली तर मुकाट्याने सामान गुंडाळून घरी जायचं. गावाने त्याचं नावच कंदील ठेवलं होतं आणि त्याच्या बायकोचं कंदिलीण. आधी थट्टेने ठेवलं, मग तेच चिकटलं.

बारा वर्षांपूर्वी त्याला एक धाकटा भाऊ होता. दोघे मिळून विहिरी उपसायचे. एका सकाळी कंदिलातलं तेल संपलं म्हणून हा तेल आणायला घरी गेला. तेवढ्यात जुना उपदेशक विहिरीच्या काठावर आला, त्याने प्रार्थना म्हटली आणि धाकट्याला म्हणाला, "उतर बिनधास्त, वरचा बघतोय." वरचा बघतच राहिला. धाकटा निम्म्यात पोचला असेल नसेल, दोर सैल पडला. गळ टाकून त्याला वर काढला तेव्हा त्याच्या तोंडात गाळ भरलेला होता. कंदिलाने तो बोटाने खरवडून काढला. त्या दिवसापासून तो प्रार्थनाघराची पायरी चढला नाही. वाद नाही, भांडण नाही, फक्त जात नव्हता. गावाने ते खपवून घेतलं, कारण विहिरीत उतरायला दुसरं कुणी नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि पाहुण्यासारखा न वागता मुक्कामच ठोकून बसला. गावातल्या चार विहिरींपैकी तीन आटल्या. उरली ती प्रार्थनाघराशेजारची मोठी विहीर. सगळं गाव तिच्यावर तुटून पडलं. पाण्याला वास यायला लागला तेव्हा लोक म्हणाले, तळाचं पाणी आहे, यायचाच. गावच्या बैठकीने कंदिलाला गाळ काढायला सांगितलं.

दोर धरायला नेहमीसारखी कंदिलीणच होती. भाऊ गेल्यापासून दुसऱ्या कुणाच्या हातात त्याने दोर दिला नव्हता. काठावरच्या लाकडी खांबाला दोन वेढे, तिच्या कंबरेला एक, आणि उरलेला तिच्या मुठीत. दोर त्यांच्या घरचा; उतरायचं काम नसलं की तोच रहाटावर गावाच्या बादलीला लावलेला असायचा. तिच्या तळहातांना घट्टे पडून ते वहाणेच्या चामड्यासारखे झाले होते. एकदा दोर धरलेला असताना गांधीलमाशीने तिच्या पापणीवर डंख मारला. डोळा सुजून मिटला, पण दोर बोटभर सरकला नाही. नवरा वर आल्यावर तिने त्यालाच दम दिला, "एवढा वेळ काय करत होता खाली? झोपला होता का?"

विहिरीची घाण कंदिलाच्या ओळखीची होती. मेलेला उंदीर, कुजलेली पानं, कुणाची तरी चप्पल, फुटक्या मडक्यांचे तुकडे. त्याची त्याला किळस नव्हती. पण त्या दिवशी गुडघाभर गाळात उभं राहून तो फावडं मारत होता आणि त्याच्या उजव्या खांद्यावर काहीतरी गार टपकलं. त्याने वर पाहिलं. प्रार्थनाघराच्या बाजूला, त्याच्या डोक्यापेक्षा हातभर वर, बांधकामाच्या दोन दगडांमध्ये दोन बोटं रुंद फट पडली होती. तिच्यातून काळपट चिकट काहीतरी पाझरत होतं आणि दगडावरून ओघळून पाण्यात मिसळत होतं. त्याने बोट लावलं, नाकाशी नेलं. माणसाच्या पोटातली घाण, आणि तिच्यावर फिनेल.

तीस वर्षांत तो विहिरीत कधी ओकला नव्हता. त्या दिवशी ओकला. ओकताना त्याच्या मनात आलं की हेही आता त्याच पाण्यात चाललंय.

"ओढ!" तो खालून ओरडला.

वर येताच कंदिलिणीने त्याच्या सदऱ्याचा खांदा नाकाशी धरला आणि तोंड फिरवलं. "हे काय हो? दवाखान्याच्या मोरीसारखं?"

"घरी चल," तो म्हणाला. "सांगतो."

सांगायला फार नव्हतंच. मागल्या वर्षी प्रार्थनाघराने लांबून येणाऱ्या पाहुण्यांसाठी आठ खोल्या बांधल्या आणि आठ संडास. त्यांचा खड्डा खणायला आधी कंदिलालाच बोलावलं होतं. खड्डा विहिरीपासून वीस पावलांवर आखलेला होता. "शंभर पावलं तरी लांब न्या," तो म्हणाला. "तिकडे फुलझाडं लावायची आहेत," असं त्याला सांगण्यात आलं. त्याने कुदळ खांद्यावर टाकली आणि परत आला. मग बाहेरगावची माणसं आणून खड्डा खणला. बाकी गावात फिनेल कुणाच्या बापाने ओतलं नव्हतं. गाव परसाकडे शेतात जायचं.

घरी सून चिमणीला पायांवर घेऊन बसली होती. चिमणी म्हणजे त्याची नात, तीन वर्षांची. तिला चौथ्या दिवशीही जुलाब थांबले नव्हते. धुवून धुवून तिचं ढुंगण लालभडक झालं होतं आणि रडायचंही त्राण उरलं नव्हतं, नुसती कुरकुर. मुलगा लांब रस्त्याच्या कामावर होता, तो महिन्याने यायचा.

कंदिलाने पाण्याचं मडकं उचललं आणि अंगणात पालथं केलं.

"बाबा!" सून ओरडली. "चार खेपा घातल्यात मी! रांगेत उभं राहून पाय मोडले माझे!"

"हे पाणी नाही," तो म्हणाला. "त्यांच्या संडासाचं आहे."

 सुनेने लेकीचं तोंड आपल्या बाहीने पुसलं, उगाचच, दोनतीनदा पुसलं.

कंदील तसाच, ओल्या कपड्यांनी, अध्यक्षांच्या घरी गेला. अध्यक्ष म्हणजे गावच्या बैठकीचे अध्यक्ष. ओसरीवर आरामखुर्चीत बसून ते लवंग चघळत होते. कंदील पायरीजवळ येताच त्यांनी रुमाल नाकाला लावला.

"तिथूनच. तिथूनच बोल बाबा."

तो तिथूनच बोलला. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा त्यांनी डोळे मिटले, तेव्हा वाटलं झोपले.

"गंभीर आहे," ते म्हणाले. "फारच गंभीर आहे. बैठकीत मांड की. आता काय पूर्वीसारखं थोडंच आहे? आपलं राज्य आहे. कुणीही उठावं आणि बोलावं." मग रुमालाआडून ते हसले. "दगडावर हात ठेवायचा आणि बोलायचं. तेवढं मात्र हवं."

दगड म्हणजे शपथेचा दगड. जहागीर गेली, गावाला स्वतःची बैठक मिळाली, त्या पहिल्या वर्षी हे नियम झाले होते. बैठक प्रार्थनाघराच्या अंगणात भरायची. मधोमध कंबरेइतका उंच काळा दगड. ज्याला बोलायचं त्याने दगडावर हात ठेवून म्हणायचं, 'देव साक्षी आहे, मी त्याला भितो,' आणि मग बोलायचं. शपथ नाही तर बोलणं नाही, मत द्यायला हातही वर करता यायचा नाही. दुसरा नियम असा की जोवर हात दगडावर आहे तोवर बोलणाऱ्याला कुणी अडवायचं नाही, आणि दगडावरून विचारलेल्या प्रश्नाला दगडावरूनच उत्तर द्यायचं. हा दुसरा नियम अध्यक्षांनी खास स्वतःसाठी करून घेतला होता. पहिल्याच बैठकीत ते आपल्या वडिलांच्या थोरवीबद्दल दोन तास बोलले होते आणि लोक मधेच उठून जायला लागले होते.

कंदील आजवर बैठकीत कधी बोलला नव्हता. मागे भिंतीला टेकून बसायचा आणि संपल्यावर घरी यायचा.

"पाच-सहा तर शब्द आहेत," कंदिलीण संध्याकाळी म्हणाली. ती त्याचा सदरा धुण्याच्या दगडावर आपटत होती. तिसऱ्यांदा धूत होती आणि वास जात नव्हता. "म्हणून टाका. जीभ झिजणार आहे का तुमची?"

"मी भीत नाही त्याला."

"मला भिता ना? मग मला डोळ्यांपुढे आणा आणि म्हणा."

तो हसला. खूप दिवसांनी हसला. मग म्हणाला, "हे बघ. मी तिथं जाऊन सांगणार की फट आहे, मी डोळ्यांनी बघितली. हे खरं आहे. आणि ते सांगायच्या आधी मी खोटं बोलायचं? म्हणजे खोटं बोललो की माझं खरं चालणार. कुठलं गणित हे?"

"देव तुमचा भाऊ घेऊन गेला असं वाटतं तुम्हाला."

"नाही. देवानं काय केलं मला माहीत नाही. त्या उपदेशकानं नेला, एवढं माहीत आहे."

"तेच म्हणते मी. देव वेगळा आणि ही माणसं वेगळी." तिने सदरा पिळला. रोज पहाटे उठून ती भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करायची, पुटपुटत, मांडीवर हात ठेवून. नवऱ्याने तिला कधी टोकलं नव्हतं, तिने नवऱ्याला कधी ओढलं नव्हतं. "चिमणीसाठी तरी," ती म्हणाली.

ते त्याला लागलं. रात्रीची पेज त्याने अर्धी टाकली.

दोन दिवस विहिरीचंच पाणी उकळून भागवलं. बैठकीच्या दिवशी अंगण भरलं होतं. अध्यक्ष सावलीत, टेबलामागे. शेजारी नवा उपदेशक, तुकतुकीत चेहऱ्याचा, हात नेहमी एकमेकांत गुंफलेले. बाजूला बाकावर मास्तर. मास्तरांनी आदल्या दिवशी कंदिलाला गल्लीत गाठून सांगितलं होतं, "तुमचं शंभर टक्के बरोबर आहे हो. मी तर शाळेत मुलांना हेच शिकवतो." आता ते आपल्या नखांकडे बघत होते.

कंदील उठला, दगडापाशी गेला. हात ठेवला नाही.

"मी विहिरीत उतरलो होतो," तो म्हणाला. "प्रार्थनाघराच्या बाजूला..."

"शपथ," अध्यक्ष म्हणाले.

"मी जे बघितलं ते सांगतो."

"शपथ घे, मग हवं ते सांग."

"ती मला घेता येत नाही. खोटी होईल."

लोकांमध्ये खसखस पिकली. मागून कुणीतरी म्हणालं, "कंदिलाची घ्यायला लावा हो शपथ!" आणि सगळे मनसोक्त हसले. न्हावीही हसला, ज्याचं चार महिन्यांचं पोर घरी हगवणीने निपचित पडलं होतं.

अध्यक्ष उठले. दगडावर हात ठेवून त्यांनी घडाघडा शपथ म्हटली, जशी माणसं नाक शिंकरतात तशी, सवयीने.

"मंडळी," ते म्हणाले, "जहागिरीच्या काळात तोंड उघडायची सोय होती का? नव्हती. आज आपण मोकळे आहोत. कुणी केलं मोकळं? कागदानं? सरकारनं? नाही. ज्यानं माणूस घडवला त्यानं. त्याला मानतो म्हणून आपण कुणा माणसापुढे वाकत नाही. आणि जो त्यालाच मानत नाही, त्याला कसला धाक? तो खरंच बोलेल याची हमी काय? अशा माणसाला मोकळा नाही म्हणत मंडळी, मोकाट म्हणतात."

टाळ्या पडल्या. जाड, आळशी टाळ्या.

"माझं तुमच्या देवाशी भांडण नाही," कंदील म्हणाला. "पण त्या दिवशी खाली तो नव्हता. मी होतो."

यावर मात्र कुणी हसलं नाही. उपदेशकाने दुःखाने डोळे मिटले. मग अगदी मऊ आवाजात तो म्हणाला, "तूसुद्धा विश्वासावरच जगतोस रे बाबा. दोरावर विश्वास ठेवूनच उतरतोस ना?"

"दोर मी रोज सकाळी तपासतो," कंदील म्हणाला. "हातभर हातभर."

"पुरे," अध्यक्ष म्हणाले. "खाली बस."

तो वळला, तेवढ्यात बायकांच्या बाजूने कंदिलीण उठली. ती इतकी सरळ चालत आली की वाटेतल्या माणसांनी आपोआप पाय आखडले. तिने दगडावर तळहात ठेवला.

"देव साक्षी आहे, मी त्याला भितो," ती म्हणाली, पुरुषासारखंच, कारण शब्द तसेच ठरलेले होते. तिच्या आवाजात मात्र ते शब्द पहिल्यांदाच कुणीतरी म्हणाल्यासारखे वाटले. "मी खाली उतरले नाही. मी दोर धरते. पण कपडे मी धुते. त्यांच्या सदऱ्याला माणसाच्या घाणीचा वास होता आणि फिनेलचा होता. तीनदा धुतला तरी गेला नाही. आणला आहे इथं. कुणालाही हुंगू दे."

तिने काखेतली गुंडाळी उघडून सदरा पुढे धरला. पहिल्या रांगेतली माणसं मागे सरली. मास्तरांनी मान वळवली. सदरा हुंगायला एकही नाक पुढे आलं नाही.

अध्यक्ष आणि उपदेशक यांची नजरानजर झाली. मग उपदेशक उठला आणि त्याने दगडावर हात ठेवला. शपथ म्हणून झाल्यावर तो म्हणाला, "बाईची श्रद्धा मोठी आहे. मी तिला ओळखतो. पण बिचारीनं काय करावं? दोर तिच्या हातात असला तरी टोकाला तो आहे. तो जे वर पाठवतो तेच ती ओढते. तिचे शब्द तिचे नाहीत. आपण आजारी लेकरांसाठी प्रार्थना करू."

कंदिलाने मनात हिशेब केला. नवरा देव मानत नाही म्हणून त्याचं ऐकायचं नाही. बायको मानते, तर नवऱ्याची बायको म्हणून तिचंही नाही. खालच्या फटीतून जे पाझरत होतं त्याला निदान आपण काय आहोत हे लपवायचं नव्हतं.

हात वर झाले. खड्डा जिथे आहे तिथे राहील, विहीर चालू राहील. कंदिलिणीने मोजून पाहिलं, न्हाव्याचाही हात वर होता.

दुसऱ्या दिवसापासून ती दोघं डोंगरातल्या झऱ्यावर जायला लागली. पहाटे निघायचं, दोन कोस चढ, आणि झरा म्हणजे करंगळीएवढी धार. दोन घागरी भरायला कोंबडं आरवल्यापासून उन्हं येईपर्यंत वेळ लागायचा. कंदिलिणीचे गुडघे गेलेले होते. उतरताना ती एकेक पायरीला बसायची आणि म्हणायची, "तुमचं काय, तुम्हाला मी ओढून घेते. मला कोण ओढणार?" तिसऱ्या दिवशी चिमणीचे जुलाब थांबले. पाचव्या दिवशी तिने खायला मागितलं आणि सून चुलीपाशी बसून रडली.

त्याच पाचव्या दिवशी न्हाव्याचं पोर गेलं. उपदेशकाने प्रार्थना म्हटली. ठेवलेलं घेऊन जातो तो, असं काहीतरी बोलला. न्हाविणीला शुद्ध नव्हती. तिच्या तोंडावर पाणी मारलं, त्याच विहिरीचं. कंदील लांब उभा राहून बघत होता. त्याने छोटासा खड्डा खणून दिला, कारण खणायला तोच होता. खणताना न्हावी शेजारी येऊन उभा राहिला.

"तुला काय वाटतं," न्हावी म्हणाला, "पाण्यानंच...?"

कंदील खणत राहिला. उत्तर देऊन काय करायचं होतं? हात वर केला तेव्हा विचारायचं होतं.

सातव्या दिवशी ती दोघं रोजच्यापेक्षा तासभर आधी पोचली, तेव्हा झऱ्याच्या जरा खाली, जिथे बैलगाडीची वाट येऊन थांबते, तिथे एक गाडी उभी होती. गाडीत दोन मोठी पिंपं. अध्यक्षांचा गाडीवान झऱ्याच्या दुसऱ्या तोंडाला मध्यरात्रीपासून नळी लावून पिंपं भरत होता. तो चांगला माणूस होता, थोडा बोलका.

"एवढं पाणी कुणाला रे?" कंदिलिणीने विचारलं.

"मालकांना की. एक पिंप मालकांच्या घरी, एक उपदेशकांच्या."

"आज काय कार्य आहे?"

"कसलं कार्य, काकू. रोजच. रोज अंधारातच. इथून भरायचं, मागच्या दारानं उतरवायचं, आणि कुणाला बोलायचं नाही." बोलल्यावर त्याला शेवटचं वाक्य स्वतःलाच ऐकू आलं आणि तो नळी नीट करायला लागला.

"कधीपासनं?" कंदिलाने विचारलं.

गाडीवानाने नळीकडे पाहिलं. "पाहुण्यांचा खड्डा भरला तेव्हापासनं. दोन महिने होतील."

कंदिलीण खाली दगडावर बसली. तिची घागर भरून वाहायला लागली तरी ती उठली नाही. दोन महिने. म्हणजे विहिरीला वास यायच्याही आधीपासून. म्हणजे गाळ काढायला नवऱ्याला उतरवलं तेव्हा, ती भर बैठकीत सदरा पुढे धरून उभी होती तेव्हा, न्हाविणीच्या तोंडावर पाणी मारत होते तेव्हा. कंदिलाला वाटलं आता ती रडेल. ती रडली नाही. तिने घागर कडेवर घेतली आणि सबंध उतारावर एक शब्द बोलली नाही, गुडघ्यांबद्दलसुद्धा.

पुढच्या बैठकीला ती सर्वात आधी गेली. अध्यक्ष स्थानापन्न होताच दगडापाशी जाऊन तिने हात ठेवला, शपथ म्हटली.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "अध्यक्षसाहेब, तुमच्या घरात प्यायचं पाणी कुठून येतं?"

अध्यक्ष टेबलावरचे कागद चाळत होते, ते चाळायचे थांबले. "हा विषय आजच्या यादीत नाही."

"दगडावरून विचारलंय. दगडावरून सांगा."

"ते नंतर बघू. पुढचा विषय..."

"माझा हात अजून दगडावर आहे," कंदिलीण म्हणाली.

नियम नियम होता. तिचा हात दगडावर असेपर्यंत पुढचा विषय घेता येत नव्हता. अध्यक्षांनी उपदेशकाकडे पाहिलं, उपदेशकाने आकाशाकडे. कुणीतरी म्हणालं, "थांबा, थकेल." लोक थांबले.

पण हे लोक विसरले होते की ही बाई कोण आहे. आयुष्यभर तिने एकच काम केलं होतं, धरलेलं न सोडायचं. ऊन चढलं. तिच्या डोक्यावरचं फडकं घामाने चिकटलं. दगड तापला. कंदील भिंतीपाशी बसून तिच्या हाताकडे बघत होता, आणि त्याला कळलं की इतकी वर्षं खालून त्याला हे कधी दिसलं नव्हतं. खालून फक्त दोर दिसायचा.

तास झाला, दोन झाले. माणसं आडोशाला जाऊन येत होती. लेकरं पाणी मागत होती. अध्यक्षांच्या टेबलावर फडक्याने झाकलेला तांब्या होता. अध्यक्षांनी त्यातलं दोनदा प्यायलं. कुणाला देऊ केलं नाही. दुसऱ्यांदा प्याले तेव्हा न्हावी तांब्याकडे टक लावून बघत होता.

शेवटी अध्यक्ष उठले. चेहरा लाल झाला होता. गाडीवान फाटकापाशी उभा होता, त्याच्याकडे त्यांनी एक नजर टाकली. गाडीवानाने मान खाली घातली. मग ते दगडापाशी आले आणि त्यांनी आपला हात ठेवला, तिच्या हाताला अगदी लागून. त्यांच्या बोटांना लवंगेचा वास होता.

"देव साक्षी आहे, मी त्याला भितो," ते म्हणाले. "माझ्या घरी याच विहिरीचं पाणी येतं. जे गाव पितं तेच मी पितो."

आवाज कापला नाही. पापणी लवली नाही. कंदिलाला एक क्षण वाटलं, आता काहीतरी होईल. त्याच्यासारख्या माणसालाही वाटलं. काही झालं नाही. उपदेशकाने हळूच मान डोलावली. मास्तर नखांकडे बघत होते. आणि कंदिलाने सगळ्या अंगणावरून नजर फिरवली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की कमीत कमी निम्म्या माणसांना ती गाडी माहीत होती. गाडीची चाकं करकरतात, पहाटे झोप मोडते. त्यांना माहीत होतं आणि तरी ती गप्प होती, आणि ती सगळी देवाला भिणारी माणसं होती.

कंदिलीण अध्यक्षांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने हात उचलला. चटका बसल्यावर उचलतात तसा नाही. गटारात पडलेली वस्तू काढून झाल्यावर हात बाहेर घेतात तसा, अंगापासून लांब धरून.

"झालं समाधान?" अध्यक्ष म्हणाले.

ती अंगणातून बाहेर पडली आणि सरळ विहिरीवर गेली. लोक तिच्यामागे गेले, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. काठावर कुणीतरी नुकतीच भरून ठेवलेली बादली होती. कंदिलिणीने बादलीची गाठ सोडली, खांबाचे वेढे सोडले, रहाटावरून दोर ओढून काढला आणि कोपर आणि अंगठा यांमध्ये त्याची वेटोळी घ्यायला लागली.

"ए बाई!" अध्यक्ष मागून घाईने आले. "विहीर गावाची आहे. बैठकीची परवानगी घेतलीस का?"

"विहीर गावाची," ती म्हणाली. "दोर आमचा."

"उद्या दुसरा आणू!"

"आणा."

उद्या दुसरा दोर येईल हे तिलाही माहीत होतं आणि कंदिलालाही. पण आज येणार नव्हता. गर्दीतून न्हावीण पुढे आली. तिच्या कडेवर रिकामी घागर होती. तिने रिकाम्या रहाटाकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे पाहिलं. मग ती वळली आणि डोंगराच्या वाटेला लागली. न्हावी तिथेच घुटमळला, आणि थोड्या वेळाने तिच्यामागे गेला. आणखी कुणी गेलं नाही.

कंदिलाने वेटोळं खांद्यावर घेतलं. "चल," तो म्हणाला.

"थांबा. हात धुते."

ती काठाशेजारी उकिडवी बसली. भरलेली बादली तिच्या हाताच्या अंतरावर होती, पाणी नितळ दिसत होतं. तिने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जमिनीवरची कोरडी माती मुठीत घेतली आणि शपथेचा हात ती घासायला लागली. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट. शौचाहून आल्यावर माणूस घासतो तसा, तीनदा, सगळ्या गावासमोर.

मग तिने तो हात नाकाशी नेला, हुंगला, आणि पुन्हा माती घेतली.